स्क्रीन अडकतेय

गेममध्ये हरला की नवऱ्याचं ठरलेलं रडगाणं, "स्क्रीन अडकतेय गं, मी काय करू?" मला शत्रूंच्या तावडीत सोडून पळाला, तरी दोष स्क्रीनचा. आज मी हट्टालाच पेटले. म्हटलं, ऑनलाइन सामना सुरू होण्याआधी माझ्या डोळ्यांदेखत ग्राफिक्सची टेस्ट लाव.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"काडीचाही नाही."

तोंड वाकडं करून त्याने टेस्ट लावली. स्क्रीनवर जंगल पेटलं, धुराचे लोट उठले, अख्खा पूल कोसळला, पण चित्र एकदाही अडखळलं नाही. शेवटी हिरव्या अक्षरांत निकाल आला: उत्तम. त्याचा चेहरा पडला.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मी जखमी होऊन भिंतीआड कोसळले. "ये ना, उचल मला!" मी ओरडले. नवरा शेजारच्याच खुर्चीत होता, म्हणून मान वळवून त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. त्याचा गडी मला ओलांडून सुसाट पळत होता.

"अडकतंय गं," नवरा माझ्याकडे न बघताच म्हणाला.

मी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"तुझं काहीही अडकत नाहीये. अडकलेय ती मी."