कागदावरची गोधडी

"म्हंजे कागद आतमंदीच राहू द्याचा?" सहदेवनं पुन्हा विचारलं.

"आतच राहू द्यायचा, चाचा. सहाही बाजूंनी शेजारचे तुकडे जोडले, की मग काढायचा," फलक म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातला तुकडा उलटा करून दाखवला.

तुकडा सहाकोनी होता. आत कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद, त्यावर बारीक फुलांचं सुती कापड, आणि कापडाच्या कडा मागं दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं घातलेला कच्चा टाका. पाच कोपरे फलकनं केले होते. सहावा सहदेवचा होता, आणि तो असा फुगला होता की कागदाला गळू झाल्यासारखं वाटावं. तरी सहदेव त्याच्याकडे बाजारातून नुकत्याच आणलेल्या गोऱ्ह्याकडे बघावं तसा बघत होता.

देऊळघाटच्या त्या गल्लीत शकीलाभाभीचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन आणि बाहेर ओटा. फलक तिची मुलगी. ती बुलढाण्याला कॉलेजात जायची, आणि तिथं आलेल्या एका बाईंनी मुलींना कागदावर कापड गुंडाळून गोधडी करायची ही रीत शिकवली होती. फलकला वर्गात दाखवायला एक हातभर नमुना करायचा होता. सहदेव नुसता बसलेला दिसला म्हणून तिनं त्याला कागद कापायला दिले, आणि कागद कापता कापता त्यानं सुई मागून घेतली.

तो तिथं रोज दुपारी येऊन बसे, कारण घरात बसवत नव्हतं.

सहदेवनं वीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप वाहिला होता. निम्म्या गावाची वावरं त्याच्या पायांखालून गेली होती. पंपात औषध किती उरलंय ते तो नोझलच्या आवाजावरून सांगायचा. बोंडअळीच्या साली त्याला क्षणाची फुरसत नव्हती. बीटी कपाशी आहे, अळीची चिंता नाही, अशा भरवशावर लोकांनी पेरलं होतं. आणि बोंडं फोडून पाहतात तो आत गुलाबी अळी. जो तो फवारायला लागला. पऱ्हाटीची झाडं त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर मारलेलं औषध वाऱ्यानं तोंडावरच येई. उत्तमराव नावाच्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात तिसऱ्या दिवशी सहदेवला समोरची ओळ दिसेना. त्याला वाटलं, आभाळ भरून आलं. मग तो धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, बसला तो उठलाच नाही.

अकरा दिवस दवाखान्यात काढून तो परत आला. नजर हळूहळू आली, उजव्या हाताची थरथर मात्र गेली नाही. फवारणीच्या जवळपासही फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हातात धरलेला चहाच बशीत सांडत होता, तिथं दुसरं काम तरी कोण देणार. त्याची बायको सिंधू पहाटे भाकरी थापून कापूस वेचायला जायची. मुलगा रवी पुण्याकडे एका कंपनीत होता. दिवसभर घरात सहदेव आणि एक कोंबडी.

कागदाची गंमत त्याला पहिल्याच आठवड्यात कळली. नुसत्या कापडावर सुई धरली, की हात थरथरायचा आणि कापडही त्याच्याबरोबर नाचायचं. कागदावर ओढून बसवलेलं कापड हलत नव्हतं. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून डाव्या चिमटीत धरायचे, सुईचं टोक कागदाच्या काठावर टेकवायचं आणि थांबायचं. हात दमला की आपोआप क्षणभर शांत होई. तेवढ्यात टाका घ्यायचा. कागदाला टोचायचं नाही, फक्त कापडाचे दोन धागे उचलायचे. एका बाजूला फलकचे दहा टाके बसत, त्याचे पाच. पण ते पाच सरळ असत.

मधे एक आणि भोवती सहा असं पहिलं फूल पुरं झालं, त्या दिवशी फलकनं मधल्या तुकड्याचा कच्चा टाका उसवला आणि कागद ओढून काढायला सांगितलं. सहदेव काढेना. त्याला खात्री होती की सगळं विस्कटणार. शेवटी शकीलाभाभीनंच मशीन थांबवून म्हटलं, "काढा, भाऊ. नाई मोडत." त्यानं डोळे किलकिले करत कागद ओढला. फूल जागच्या जागी राहिलं. कागदावर "आमच्या येथे श्री" एवढंच छापलेलं होतं, बाकीचं कात्रीत गेलं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं ते फूल घरी नेलं. सिंधू नुकतीच आली होती, पाय पसरून भिंतीला टेकली होती. बोंडांच्या सुकलेल्या नखांनी तिच्या हातांवर बारीक ओरखडे उठलेले होते. तिनं फूल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. पाणी तापवायला ठेवलं का, एवढंच विचारलं. ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सहदेव दुपारी चारला ओट्यावरून उठू लागला. पाणी तापवायचा, चूल पेटवायचा, पीठ मळून ठेवायचा. भाकरी त्याला जमत नव्हती. सिंधू काही बोलली नाही, पण गावात बोलणारे होते. कडूबा नावाचा त्याचा जुना जोडीदार चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला की सहदेवनं आता बांगड्याही भराव्यात. हे बायकांकडून सिंधूच्या कानावर गेलं. वेचणीहून येताना ती तशीच, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली, टपरीसमोर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "कडूबाभाऊ, तुमी रातच्याले पांघरता ते कोन शिवलं? तुमच्या मायनं ना? मंग तिचे हात काय वाईट होते?" कडूबानं चहाचा पेला खाली ठेवला. सिंधूनं हे घरी सांगितलं नाही. सहदेवला शकीलाभाभीकडून कळलं.

मग एक दिवस तिनं जुन्या निळ्या लुगड्याचा धड राहिलेला पदर फाडून त्याच्यापुढं टाकला. "मधातल्या तुकड्याईले घ्या. सारे येकाच रंगाचे बरे दिसतीन," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

आता सहदेव रंगला. फलकचा नमुना केव्हाच कॉलेजात गेला होता, पण याला पूर्ण गोधडी करायची होती. शकीलाभाभी कात्रणं बाजूला ठेवू लागली. पत्रिका लोक आणून देत. कृषी केंद्रातली बियाण्यांची जुनी चकचकीत पत्रकंही तो उचलून आणी. त्यांचा कागद पत्रिकेहून ताठ होता. पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या बोंडाच्या चित्रावरून तो कात्री चालवी, तेव्हा त्याचा चेहरा खुलायचा. लोकांना वाटे सूड घेतोय. तसं काही नव्हतं. कागद खरंच चांगला होता.

वीसेक फुलं जोडून झाली आणि काहीतरी चुकलं. गोधडी जमिनीवर अंथरली की मधला भाग सपाट बसे, पण कडा लहान मुलीच्या फ्रॉकच्या झालरीसारख्या उठत. सहदेवनं हातानं दाबून पाहिलं, वर पाटा ठेवून पाहिलं. दोन दिवस तो जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी फलकनं मधला एक कागद आणि काठचा एक कागद एकावर एक ठेवले. काठचा चांगला ज्वारीच्या दाण्याएवढ्यानं मोठा होता.

"चाचा, साचा कुठाय?"

कागद कापायला तिनं दिलेला साचा केव्हाच फाटला होता. मग सहदेवनं कापलेल्या कागदावरून दुसरा कागद कापला, दुसऱ्यावरून तिसरा. दरवेळी पेन्सिलीची रेघ बाहेरून, कात्रीही बाहेरून. केसाकेसानं कागद वाढत गेला होता.

आता हा माणूस हे सगळं गुंडाळून ठेवणार, असं फलकला वाटलं. सहदेव बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. दवाखान्यातून आल्यापासून त्याला हसताना तिनं पाहिलं नव्हतं. "उसवता येते ना हे?" त्यानं विचारलं. येतं, ती म्हणाली. "मंग काय झालं," म्हणून त्यानं ब्लेड मागून घेतलं आणि तिथंच उसवायला बसला. बारा फुलं उसवायला त्याला आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस तो गुणगुणत होता.

शकीलाभाभीचा नवरा वहाब पत्र्याचं काम करायचा, डबे आणि धान्याच्या कोठ्या डाग देऊन जोडायचा. त्यानं पत्र्याचा साचा कापून द्यायचं कबूल केलं, पण आकृती नेमकी काढून द्या म्हणाला. फलकनं कंपास घेतला, एक गोल काढला आणि कंपासचं तोंड तेवढंच ठेवून गोलावर खुणा करत गेली. बरोबर सहा खुणांत ती निघाल्या जागी परत आली. सहदेवला ते खरंच वाटेना. त्यानं स्वतः मोठा गोल काढला, मग लहान काढला. दोन्ही वेळा सहा. शाळेत तो चौथीपर्यंतच होता. हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं कसं नाही, असं तो वहाबला विचारत राहिला. वहाबलाही माहीत नव्हतं. दोघं बाप्ये माणसं दुपारभर ओट्यावर गोल काढत बसली होती.

पुढचा हंगाम आला. पेरण्या झाल्या, पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली. श्रावणात एका दुपारी सहदेव आपल्या दारातच शिवत बसला होता, आणि उत्तमराव आले. वर्षभरात ते पहिल्यांदा या बाजूला आले होते. वीस वर्षांची ओळख, पण बाजेवर बसताना त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी आडून आडून सांगितलं: माणूस मिळत नाही, मिळतो त्याला औषधाचं प्रमाण कळत नाही, फक्त मिसळून द्यायचं, पंप दुसरा घेईल. तोंडाला बांधायचं, हातमोजे, सगळं आणून ठेवलं होतं म्हणे. मागच्या वर्षी त्यांच्या घरातही काही आलं नव्हतं, अळीनं सगळं खाल्लं होतं, हे सहदेवला ठाऊक होतं.

"नाई येत मी, भाऊ," सहदेव म्हणाला. आवाज चढवला नाही. सुईत दोरा घालत होता, तो घातला.

उत्तमराव उठले नाहीत. अंगणात कोंबडी फिरत होती तिकडे बघत बसले. मग म्हणाले, "दवाखान्यात यायले पाह्यजे होतं म्या. आलतो. फाटकापर्यंत आलो आन् पाय उचलेना."

"कोन्त्या दिशी?"

"चवथ्या."

सहदेवनं टाका ओढून घेतला. "चवथ्या दिशी मले दिसतच नव्हतं, भाऊ. तुमी आले असते तरी वळखलं नसतं."

थोड्या वेळानं सहदेवनं पत्र्याचा साचा, एक पत्रिका आणि कात्री बाजेवर त्यांच्याकडे सरकवली. रेघेच्या आतून कापा, एवढंच सांगितलं. उत्तमरावांनी चष्मा लावला. तासाभरात त्यांचे चार कागद झाले. चहा पिऊन ते गेले, तेव्हा जाताना ते चारही कागद त्यांनी एकावर एक नीट रचून ठेवले होते. ते गेल्यावर सहदेवनं त्यातल्या तीन कागदांच्या कडा गुपचूप सारख्या केल्या.

दिवाळीनंतर वरचा थर पुरा झाला. तोवर आतच राहू दिलेले कागद काढले तेव्हा पोतंभर निघाले. इतके महिने ताठ असलेली गोधडी एकदम मऊ पडली, हातातून ओघळायला लागली, आणि सहदेव तिच्याकडे बघून पुन्हा घाबरला. यापुढचं काही त्याला येत नव्हतं. फलकलाही फारसं येत नव्हतं. ते सिंधूला येत होतं. तिनं पेटीच्या तळातून जुनी लुगडी काढली, थरावर थर अंथरले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि त्याला समोर बसवलं.

"वरचं तुमचं, आतलं माह्यं," ती म्हणाली. "आता कागद नाई भेटनार. धावदोरा हातानंच धरा लागते. मी इकून येतो, तुमी तिकून या."

त्याचे टाके वाकडे गेले. कधी वर, कधी खाली, सिंधूच्या रांगेत शिरलेले. ती उसवू म्हणाली नाही. तोही म्हणाला नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी उजेड असेतोवर ती दोघं दोन टोकांकडून शिवत होती. एका संध्याकाळी बोलता बोलता दोघांच्या सुया एकमेकींना लागल्या.

गोधडी रवीच्या लग्नासाठी ठेवायची, असं सिंधूनं ठरवलं. त्याआधी एक ऊन दाखवायचं म्हणून सहदेवनं मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती अंगणातल्या बाजेवर पसरली. निळ्या मध्यांची फुलं उन्हात उजळून निघाली. शकीलाभाभी येऊन बघून गेली. येणारी-जाणारी माणसं कुंपणापाशी थांबत. कडूबा दोनदा त्या वाटेनं गेला, आणि दुसऱ्यांदा आत येऊन एक कोपरा उलटून पाहून गेला.

त्या दिवशी सिंधू लवकर घरी आली. शेवटची वेचणी होती, पऱ्हाटीवर आता काही उरलं नव्हतं. तिनं ओटी सोडली, केसांत अडकलेला कापूस काढला आणि बाजेच्या काठावर टेकली. जराशी पाठ टेकते, लगेच उठते, असं म्हणाली आणि आडवी झाली. पायांना काळी माती लागली होती म्हणून तिनं ते गोधडीवर घेतले नाहीत, बाजेच्या बाहेर तसेच लोंबते ठेवले. सहदेव पाणी घेऊन आला तोवर तिला झोप लागली होती.

त्यानं तांब्या खाली ठेवला. हाकलून कोंबडी लांब घालवली. मग खाली बसून तिचे पाय दोन्ही हातांनी उचलले आणि अलगद गोधडीवर ठेवले.