हाळ मनी

भीमराजनं भिंतीत उगवलेला पिंपळ दोन्ही हातांनी धरून जोर लावला, तशी शिडीच मागं हेलकावली. खाली शिडी धरून उभी असलेली चांगुणाबाई ओरडली,

"अवं, पडताल की! रोप उपटायलाव का भिंत?"

"मूळ लई आत गेलंय."

"मग कुऱ्हाड देऊ का?"

भीमराजनं वरून तिच्याकडं पाहिलं. "बोधीवृक्ष हाय त्यो. कुऱ्हाड कशी लावावी?"

"न्हाई लावली तर भिंत येईल अंगावर. तवा काय, साधू साधू म्हणत बसायचं?"

शेवटी त्यानं सळईनं भोवतालची माती उकरली, मुळं एकेक करून मोकळी केली आणि रोप अख्खं बाहेर काढलं. चांगुणाबाईनं ते फुटक्या माठात लावलं, पाणी घातलं आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "झालं? तुमचा धर्मबी राह्यला, माझी भिंतबी राह्यली." भीमराज हसला आणि शिडी उचलून आतल्या खोलीत गेला. तिथं तुळई बदलायची होती.

हुमनाबादच्या स्टँडच्या मागल्या गल्लीतलं हे घर कित्येक पावसाळे बंद होतं. मालक सोलापूरला जाऊन राहिलेला. घर कुणाला लाभत नाही अशी बोलवा होती. एकाचा म्हणे त्यात धंदा बसला, दुसऱ्याची बायको गेली. त्यामुळं गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्यामुळंच ते ह्या दोघांना मिळालं. भीमराज उदगीरच्या गाडीवर कंडक्टर. गावात बऱ्या गल्लीत भाड्याची खोली विचारायला गेलं की लोक आधी खोली दाखवायचे, मग नाव-गाव विचारायचे, आणि मग खोली कालच दिली म्हणायचे. ज्यांना चांगलं घर कुणी भाड्यानं देत नव्हतं त्यांना वाईट घर विकत मिळालं, एवढीच त्यातली गोष्ट.

आपलं गाव संतपूर सोडल्यापासून चांगुणाबाईनं दुसऱ्यांच्याच भिंती सारवल्या होत्या. नौबादला एका परसातल्या खोलीत त्यांनी बरीच वर्षं काढली. तिथली घरमालकीण वाईट नव्हती. सणावाराला बोलायची, चौकशी करायची, पण अंगणातूनच. चांगुणाबाई चहाचं आधण ठेवायची, आणि ती "असू दे, असू दे" म्हणत पाय मागं घ्यायची. चांगुणाबाईला दागिन्यांची हौस नव्हती, लुगड्यांची नव्हती. तिला फार वाटायचं, की आपलं दार असावं आणि त्या दारातून कुणीतरी, काहीएक काम नसताना, आत यावं. बसावं. पायात मुंग्या येईस्तोवर बसावं. हे तिनं भीमराजलासुद्धा एकदाच सांगितलं होतं. पण त्यानंतर तो गाडीत बसलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला कुठं घर निघालंय का म्हणून विचारू लागला.

समोरच्या घरात पार्वतम्मा राहायची. घरात ती आणि तिची सून चन्नव्वा. दारात एक म्हैस. म्हातारीच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. दिवसभर ती कट्ट्यावर बसून ह्या घराकडं बघत असायची, आणि गल्लीतून कुणी गेलं की हनुवटीनं इकडं दाखवून काहीतरी म्हणायची. शब्द दोनच असायचे. चांगुणाबाईला ते पाठ झाले.

"हाळ मनी म्हंजे काय वं?" तिनं एका संध्याकाळी विचारलं.

जिल्हा मैसूर राज्यात गेल्यावर नोकरीपायी भीमराज कन्नड शिकला होता. चांगुणाबाई औराद तालुक्यातली. तिचं मराठीवर भागायचं, नाहीतर बाजारातल्या दखनी उर्दूवर.

"मनी म्हंजे घर," तो म्हणाला.

"घराला मनी म्हणतेत व्हय? बरं हाय की. आन् हाळ?"

भीमराज डोक्यावरची माती झटकत राहिला.

"बोला की."

"हाळ म्हंजे ओसाड. पडकं. असं बंद घराला म्हणतेत सगळेच, त्यात तिचं काय मनावर घ्यायलीस?"

चांगुणाबाईनं मनावर घेतलंच. घरात माणसं राबताहेत, चूल पेटतेय, आणि ही बया समोर बसून ओसाड म्हणतेय! दुसऱ्या दिवसापासून तिच्या हाताला वेगळाच जोर चढला. तिनं वटवाघळं हाकलली, कोपऱ्यातली वारुळं खणून काढली. माळवदावर टाकायला गाडीभर पांढरी माती आणवली, ती भिजवून स्वतः तुडवली, आणि भीमराज ड्यूटीवरून आला की खाकी कपड्यातच त्याला वर चढवलं. दोघं माळवदावर माती थापत बसायची. तिथून समोरचा कट्टा दिसायचा.

"काय म्हणायली आज?" चांगुणाबाई विचारायची.

"तेच."

भिंतींना गिलावा झाला. दाराला नवी फळी बसली.

"आज?"

"तेच की. आता तिच्या तोंडाला कुलूप लावू का?"

चुना दिला त्या दिवशी चांगुणाबाई मुद्दाम दारात उभी राहिली. पांढऱ्या भिंती उन्हात डोळ्यांत भरत होत्या. म्हातारी बराच वेळ बघत राहिली, मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. काहीच म्हणाली नाही. चांगुणाबाईला वाटलं, म्हणायला हवं होतं. काहीतरी.

रविवारी घरभरणी ठेवली. भीमराजनं गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन कन्नडमधून आमंत्रण दिलं. लोकांनी हात जोडले, येतो म्हणाले. संतपूरहून मंडळी आली. त्रिसरण-पंचशील झालं, भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या, जेवणं झाली. गल्लीतलं कुणी आलं नाही. चांगुणाबाईनं त्यांच्यासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या कपबश्या दुपारपर्यंत तशाच होत्या. भीमराज पाहुण्यांना गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेला. त्याची बहीण शोभाबाई तेवढी मागं राहिली.

तेवढ्यात पार्वतम्मा आली. आत नाही, पायरीशी. एक हात पदराखाली, दुसरा चौकटीला. चांगुणाबाई लगबगीनं पुढं झाली. म्हातारीनं मान वर करून नव्या भिंती पाहिल्या, आढं पाहिलं, आणि बोळक्या तोंडानं काहीतरी लांबलचक बोलली. त्यातलं "मनी" चांगुणाबाईला कळलं. त्याच्या पाठीवर आलेलं "हाळ"ही कळलं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आज तरी नगा म्हणू, अम्मा!" ती मराठीतच ओरडली. "हाडाची काडं केली ह्या घरापायी. कुठं ऱ्हायलंय आता ओसाड? दावा मला. दावा की!"

म्हातारी गोंधळली. पुन्हा तेच बोलू लागली, सावकाश, समजावल्यासारखं. पुन्हा तोच शब्द आला. चांगुणाबाईनं दार लावून घेतलं. नव्या फळीचं दार होतं, धाडकन लागलं. मग ती चुलीपुढं बसून रडली. शोभाबाई पाठीवरून हात फिरवत राहिली.

भीमराज परत आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. बायकोचा चेहरा बघून त्यानं टोपी हातातच धरली. तिनं सगळं सांगितलं.

"नेमकं काय म्हणली?"

"काय म्हणणार? रोजचंच. हाळ मनी."

"रोजचंच म्हणायला ती दारापस्तोर येईल का? आठव बरं. मागं-पुढं काय व्हतं?"

चांगुणाबाईनं डोळे पुसले. "पयलं मनी म्हणली. होस मनी की काय. मग हाळ. मग उक्क... उक्किस... असलं कायतरी."

"हाळ म्हणली का हाल म्हणली?"

"दात न्हाईत तिला, मला काय कळतंय?"

"म्हातारीच्या पदराखाली तांब्या व्हता," शोभाबाई आतून म्हणाली. "मला वाटलं, पाणी मागायला आली."

भीमराज मटकन खाली बसला.

"हाल म्हंजे दूध, चांगुणा. होस मनी, हाल उक्किसबेकु. नवं घर हाय, दूध उतू घालवाया पायजे. इकडं नव्या घरात असं करतेत. चुलीवर दूध ठेवायचं आन् उतू जाऊ द्यायचं."

"नवं घर म्हणली?"

"होस म्हंजे नवंच."

जो शब्द ऐकायला चांगुणाबाईनं माती तुडवली, चुना फासला, तो शब्द म्हातारी स्वतःच्या पायांनी दारात घेऊन आली होती, आणि आपण तिच्या तोंडावर दार लावलं. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"मी जाऊन बोलतो," भीमराज उठला. "मला भाषा येते."

"नगं. दार म्या लावलं. मीच जाते." तिनं फडताळातून पातेलं काढलं. मग थबकली. "आपल्याला चालतंय का पण हे? उतू घालवायचं बिलवायचं?"

"भगवंताला सुजाताची खीर चालली, मग हे कामून चालायचं न्हाई? जा तू." आणि ती दारात पोचल्यावर मागून म्हणाला, "हाल म्हण, हाल. जीभ आत वळवू नगंस, न्हाईतर पुन्हा ओसाड करशील."

समोरच्या घरात दिवा लागला होता. कोनाड्यातल्या समईच्या उजेडात पार्वतम्मा भिंतीला टेकून बसलेली दिसत होती. चन्नव्वा दारात आली.

"क्या होना, बाई?"

पाठ केलेला शब्द ऐनवेळी कुठल्या कुठं गेला. "दूध," चांगुणाबाई म्हणाली.

"अब कैसा देतें? बत्ती लगी ना. सुबू आव."

चन्नव्वाच्या बोलण्यात खोट नव्हती. दिवेलागणीनंतर घरातलं दूध बाहेर द्यायचं नाही, हे चांगुणाबाईच्या आईनंही पाळलं होतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर ती मुकाट्यानं मागं फिरली असती. पण आज ती रात्र तशीच काढणं तिच्यानं होणार नव्हतं. ती चन्नव्वाच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली,

"अम्मा, होस मनी..." आणि पुढं तिला हुंदकाच आला.

आत काही हाललं नाही. चांगुणाबाईला वाटलं, आता ही उठेल आणि माझ्यासारखंच दार लावेल. लावू दे, बरोबरच आहे तिचं.

पार्वतम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. कोनाड्यापाशी गेली. आणि तिनं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वात धरून दाबली. घरात अंधार झाला.

"अय्य शिवने!" चन्नव्वा किंचाळली.

अंधारातून म्हातारीनं सुनेला काहीतरी ठणकावलं. चन्नव्वा आधी गप्प झाली, मग तिला हसू आवरेना.

"बोलती," ती चांगुणाबाईला म्हणाली, "बोलती, अभी बत्ती लगीच नै!"

भांड्यांची खुडबुड झाली. म्हातारी चाचपडत दाराशी आली. चांगुणाबाईनं सवयीनं पातेलं खाली पायरीवर ठेवलं आणि हात मागं घेतला. आजवर तिनं जिथं जिथं दूध घेतलं तिथं देणारा हात वर असायचा, भांड्याला भांडं लागू नये म्हणून, आणि धार लांबून पडायची. म्हातारीला पातेलं सापडेना. ती कन्नडमध्ये कुरकुरली. मग तिचा खरखरीत हात चांगुणाबाईच्या मनगटाला लागला. तिनं ते मनगट धरून पातेल्यापर्यंत नेलं, पातेलं वर उचलायला लावलं, आणि तांब्याचा काठ त्याच्या काठावर टेकवून दूध ओतलं. पितळेवर पितळ वाजलं.

तांब्या रिकामा झाला तरी म्हातारीनं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं पदर डोक्यावर घेतला, सुनेला समई लावायला सांगितली, आणि पायरी उतरून तशीच गल्लीत आली. चांगुणाबाई एका हातात पातेलं सांभाळत, दुसरं मनगट तिच्या मुठीत देऊन, पावलापावलानं चालू लागली.

भीमराज कंदील घेऊन दारातच उभा होता.

"दिलं का दूध?" त्यानं विचारलं.

"अवं, सरका बाजूला," चांगुणाबाई म्हणाली. "वाट द्या. पाव्हणी आलीय."