घनतेच्या तासाला आणलेली अंगठी

मंगळवारी तिसऱ्या तासाला टिडवेलबाईंचा विज्ञानाचा वर्ग नेहमीसारखाच ओला झाला होता. टेबलांवर सांडलेलं पाणी, पाण्यात नटबोल्ट, गळाला लावायची शिशाची गोळी, मेणबत्तीचे तुकडे, सोललेला बटाटा. वस्तू आधी कोरडी तोलायची, मग तिनं किती पाणी बाजूला सारलं ते बघायचं आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं, आली घनता. अमेरिकेतल्या बकहॉर्न गावच्या शाळेत बाई तेहेतीस वर्षं हेच शिकवत होत्या आणि अजून कंटाळल्या नव्हत्या.

"बाई, माझ्या भावाचं डोकं बुडवून बघू?" ओपलनं विचारलं. "तरंगेल, पैज लावते."

"आधी त्याला विचार. आणि केस कोरडे असतानाच तोलून घे."

वर्ग हसला. ओपलशेजारी बसणारी मार्ली हसली नाही. तास संपून मुलं बाहेर पडली तेव्हा ती मागे राहिली. तिनं मूठ उघडली. आत अंगठी होती.

"ही मोजता येईल, बाई?"

मार्ली पंधरा वर्षांची होती आणि तिला तिसरा महिना होता. बाळाचा बाप क्लिंट सव्वीस वर्षांचा, पशुखाद्याच्या गिरणीत कामाला. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गावानं जुनाच उपाय काढला होता: लग्न. एकदा लग्न लागलं की पंधरा आणि सव्वीस हे आकडे कुणी शेजारी मांडत नाही, शेरीफही काही विचारत नाही. त्या वर्षांत मिझुरी राज्याच्या कायद्याला आईबापांपैकी एकाची सही पुरत होती. शुक्रवारी मार्लीची आई ती करणार होती.

"आई म्हणते, क्लिंट सच्चा माणूस आहे," मार्ली म्हणाली. "त्यानं दिलेली ही अंगठी खोटी निघाली तर ती सही करणार नाही. मी ओळखते तिला."

"तुला नकोय लग्न?"

"नको म्हटलं मी. तीन वेळा. कुणी ऐकूनच घेत नाही."

बाईंनी बारीक काटा काढला. अंगठी कोरडी भरली तीन पूर्णांक नव्वद ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून त्यांनी आकडा शून्यावर आणला. मार्लीनं अंगठी दोऱ्याला बांधून हळूच पाण्यात सोडली, तळाला टेकू न देता, बाईंनी शिकवलं होतं तशी. पितळ असतं तर काट्यानं शून्य पूर्णांक शेहेचाळीसच्या आसपास दाखवलं असतं. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एखादा आकडा हवासा वाटत होता.

काटा शून्य पूर्णांक तीसवर थांबला. भागाकार तेरा. म्हणजे खरं, चौदा कॅरटचं सोनं.

दोघींनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेरा.

"बाई, पितळेचे आठ लिहा ना," मार्ली म्हणाली. "तुम्ही लिहिलंत तर आई मानेल."

बाईंनी खडू उचलला, ठेवला. "आकडा नाही बदलता येत मला, पोरी. आईशी बोलते मी."

मार्लीनं दोरा सोडला आणि अंगठी खिशात टाकली.

बाईंनी शेरीफच्या कचेरीत फोन केला. "लग्न करतोय ना तो, बाई? मग तक्रार कसली?" पलीकडचा माणूस आदबीनं म्हणाला.

मार्लीची आई लव्हॉन शाळेच्याच कॅन्टीनमध्ये कामाला होती. ती भट्टीतून बिस्किटांचा ट्रे काढत होती.

"खरी निघाली ना? पोरीचं तोंड बघूनच कळलं," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मला मिळाली ती पितळेची. बोट हिरवं पडायचं. चर्चला जाताना हात खिशात घालायचे मी."

"अंगठी खरी आहे, लव्हॉन. पण ती नको म्हणतेय."

"मीही म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय? पंधराचीच होते मी. लग्नाचा केक तुम्हीच केला होतात, बाई. तीन मजली. सगळ्यांनी वाखाणला."

बाईंना आठवत होतं. त्यांनी हजेरीपटातलं लव्हॉनचं नाव खोडलं होतं आणि घरी जाऊन लोणी फेटायला घेतलं होतं.

"चुकलं माझं तेव्हा," त्या म्हणाल्या.

लव्हॉननं ट्रे आपटला. "आता सांगताय? पोराला बापाचं नाव लागेल, लोकांची तोंडं मिटतील. तुम्हाला लेकरू नाही. तुम्हाला नाही कळायचं."

शुक्रवारी बाई अर्धी रजा टाकून लग्नाचे परवाने देणाऱ्या कौंटीच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. क्लिंटनं टोपी काढून त्यांना अभिवादन केलं. लव्हॉननं सही केली. मार्लीनं "कुठं?" एवढंच विचारलं आणि बोट दाखवलं तिथं नाव लिहिलं.

"अभिनंदन," खिडकीतली कारकून बाई म्हणाली.

गाडीच्या नंबरपाट्यांसाठी, जमिनीच्या कागदांसाठी रांगेत उभी असलेली माणसं टाळ्या वाजवू लागली. चांगली माणसं होती. टिडवेलबाईंचेही हात सवयीनं वर आले. तळवे एकमेकांना टेकायला बोटभर अंतर राहिलं, तेव्हा त्यांचं त्यांनाच दिसलं.

त्यांनी हात खाली घेतले.

"टाळ्या वाजवू नका," त्या म्हणाल्या, वर्गात बोलायच्या तेवढ्याच आवाजात. "पंधरा वर्षांची आहे ही. नको म्हणालीय. तीन वेळा. चौथ्यांदा मी म्हणतेय, तुमच्या सगळ्यांसमोर."

टाळ्या विरल्या. लव्हॉननं तोंड फिरवलं. मार्लीनं पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं.

कारकून बाईनं कागदावर शिक्का मारला. "पुढचं कोण?" तिनं विचारलं.

रांगेतलं कुणीही पुढे सरकलं नाही.