साहेबांच्या विहिरीचं पाणी

"बघून द्याल का जरा?" साहेबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. "आमच्या विहिरीचं आहे. सुट्टीत नातवंडं यायचीत."

बाईंनी खुर्ची पुढे केली. साहेबांना पाहताच बाईंची धाकटी बहीण दारातूनच आत वळली आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजली.

बाईंना सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण मागच्या खोलीत काचेच्या नळ्या आणि रसायनांच्या कुप्या अजून मांडलेल्या होत्या. कोणीही पाणी घेऊन यायचं. गल्लीतली पोरं त्यांना बाटलीबाई म्हणत. बाईंना ते नाव मनापासून आवडायचं.

साहेब एके काळी त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख होते. नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याचा अहवाल बाईंनी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा ते हळूच म्हणाले होते, "दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

"साहेब, कवितेत मी चंद्र हवा तिथे ठेवते," बाई म्हणाल्या होत्या. "दशांश चिन्ह माझ्या हातात नाही."

पुढच्याच आठवड्यात बाई नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांबरोबर कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. काय दिवस होते ते! भर उन्हात बाईंनी तिथल्या तिथे ओळी रचल्या:

नदीबाई, तुझा रंग कोणी पळवला?
माझ्या नळीत उरली तुझी जांभळी लाज.

बायकांनी त्याला चाल लावली, ती इतकी बेसूर की फाटकावरचा पहारेकरीही तोंड फिरवून हसला. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायला सुरुवात केली, पण सहा वर्षांनी. तोवर काठावरच्या बायका पांगल्या होत्या. आणि साहेबांनी बाईंना गोदामात धाडलं होतं, रिकाम्या बाटल्यांची राखण करायला.

बहिणीने त्यांना मागच्या खोलीत गाठलं. "ताई, याच माणसाने तुला नऊ वर्षं अंधारात बसवलं. विसरलीस?"

"नाही गं. पण त्यात पाण्याचा काय दोष?"

नळीत थेंब पडला. पाणी हळूहळू जांभळं झालं, तेव्हा नदीचं झालं होतं तसंच. बाईंनी पुन्हा करून पाहिलं. साहेबांच्या वाट्याला असं काही आलं तर आपल्याला कुठेतरी बरं वाटेल, असं त्यांना पूर्वी वाटायचं. तसं काहीच वाटलं नाही. नातवंडांची वयं विचारायची राहिली, एवढंच मनात आलं.

साहेबांनी चष्मा पुसून कागदावरचा आकडा वाचला.

"चूक तर नाही ना?"

"दोनदा केलंय. तुमचं घर कारखान्याच्या मागच्या उतारावर. जमिनीत मुरलेलं लवकर जात नाही."

"आम्ही दोघं वीस वर्षं हेच पितोय."

बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आजपासून नको. उकळूनही नको. उद्या मी येते, आसपासच्या सगळ्या विहिरींचं पाणी घेते."

"मी येतो बरोबर," साहेब म्हणाले. "मला ओळखतात तिथे. दारं उघडतील."

बहिणीने पाण्याचा पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, आणि ओशाळून खाली घेतला.

"प्या," ती म्हणाली. "ताईने तपासलेलं आहे."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.