ट्रॅक्टरची ट्यूब तळ्यावर

मी एक जुनी ट्यूब आहे. सायकलची नव्हे हं, आधीच सांगून ठेवते! ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाची. माझ्या अंगावर ठिगळं किती, ते मात्र विचारू नका. बाईमाणसाला असलं काही विचारत नसतात.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. तिथून मी आले ती शेंदूरजनाघाटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. तिथे खुशालरावांचा संत्र्याचा बगीचा आहे. त्यांच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये मला कोंबलं. मित्रांनो, टायरच्या आत काय दिसतं? काही नाही! नुसता अंधार आणि नुसती गरमी. मी वावर नांगरलं, संत्र्यांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या, पण कौतुक सगळं टायरचं. माझी आठवण यायची ती फक्त बाभळीचा काटा घुसल्यावर, आणि तेव्हा शिव्या तेवढ्या माझ्या वाट्याला! शेवटी एकदा पंक्चरवाल्याने मला पाण्यात बुडवून पाहिलं, तर सगळीकडून बुडबुडे. "आता हे ट्यूब चाकात चालत नाही भाऊ," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

पण खुशालराव मोठे हिकमती. त्यांच्या घरामागे बगीचा संपला की तळं लागतं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला हे एकच घर. त्यांनी मला पुन्हा ठिगळं मारून घेतली, हवा भरली आणि दिली तळ्यात फेकून. अन् काय सांगू तुम्हाला! मी तरंगले की! वर आभाळ, काठाला सागाचं रान, अंगावर थंडगार पाणी. जन्मात पहिल्यांदा मी पोटभर ऊन पाहिलं.

तेव्हापासून बारा महिने माझी चैन सुरू झाली. उन्हाळ्यात पोरं मला चिकटून पोहायला शिकायची. अर्ध्या गावाला खुशालरावांनी माझ्यावरच शिकवलं आहे. पावसाळ्यात तळं भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं की उतरायला बंदी. मग पोरं मला टेकडीवर चढवून खाली सोडायची आणि ओरडत मागे पळायची. हिवाळ्यात काठावर रोडग्यांचा बेत असायचा. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, आणि बसायला मी. खुशालराव माझ्यावर ऐसपैस बसून जेवायचे आणि तूप माझ्या अंगावर सांडायचे. रबराला तूप सोसत नाही हो, पण ऐकतो कोण!

या तळ्याचा एक नियम होता. काठावर पोहता येणारं मोठं माणूस बसलेलं असल्याशिवाय एकाही पोराने पाण्यात पाय घालायचा नाही. ते माणूस म्हणजे खुशालरावच. त्यांचा मुलगा गोपाल पोहतो चांगला, पण तो सदानकदा संत्र्याच्या ट्रकांमागे. खुशालरावांच्या पत्नी मैनाबाई धुण्याच्या दगडापुढे कधी गेल्याच नाहीत. आणि सून दामिनी अकोल्याची. नळाला पाणी कधी येतं त्याची वाट पाहत लहानाची मोठी झालेली, तिला कुठलं पोहणं? तिची मुलगी आचल मात्र पक्की बेडकी.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खुशालराव काठावर बसून हाक मारत होते, "आचल व, बाहीर ये आता!" पलीकडे पाण्यात एक काळं डोकं दिसत होतं. ते काही हलेना. "आयकू येत नाही काय? तुया मायले सांगू?" त्या डोक्याने नुसते कान हलवले. अहो, गावातल्या कोणाची तरी म्हैस होती ती! आणि आचल खुशालरावांच्या पाठीमागे अंग पुसत उभी. पोरं हसून हसून लोळली. मलाही हसू आवरेना.

खुशालराव मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी ते कोणाला फारसं कळू दिलं नव्हतं. "मले पोरगी अन् म्हैस एकच दिसून राहिली," ते म्हणाले. "उद्या एखादं पोर बुडत असन, अन् मी म्हनीन म्हैस हाये. आता पाणी बंद."

आणि खरंच बंद झालं. मला मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. हवा गेली, अंगावर घडी पडली, पाली इकडून तिकडे फिरू लागल्या. पोरं ओसरीत मोबाईल घेऊन बसायची. आचल कधीतरी यायची, माझ्यावरून हात फिरवायची आणि निघून जायची. माझा जीव तुटायचा.

दिवाळीच्या आधी संत्र्याची झाडं फळांनी वाकली. अशा वेळी फांद्यांना बांबूचे टेकू देतात आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधतात, म्हणजे साल सोलत नाही. गोपाल विळा घेऊन आला आणि त्याने मला खिळ्यावरून काढलं. संपलं आपलं, म्हटलं! तेवढ्यात दारात दामिनी.

"थांबा. हे कापू नका."

"काहून? लटकूनच तं हाये."

"मले पोहणं शिकाचं हाये. मी शिकली तं मी बसीन काठावर. पोरायचं तळं सुरू होईन."

मैनाबाई मागून म्हणाल्या, "अवं माय! सून तळ्यात पोहन? लोकं काय म्हनतीन? अन् शिकवन कोण, सासरा?"

अडचण खरी तिथेच होती, मित्रांनो. गोपालला पोहता येतं, पण शिकवता येत नाही. त्याने एकदा मेहुण्याला शिकवलं, तो मेहुणा पुन्हा सुटीत आलाच नाही. शिकवणारे एक खुशालराव. आणि दामिनी आजही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ओल्या कपड्यांत सासऱ्यासमोर ती हातपाय मारणार कशी?

दोन दिवसांनी जेवताना खुशालरावच म्हणाले, "मी तळ्याकडं पाठ करून बसतो. तसंही तोंड करून मले काय दिसते? कान चांगले हायेत माये."

थंडी ओसरल्यावर मला पुन्हा हवा भरली आणि शिकवणी सुरू झाली. दामिनी जुना सलवार-कमीज घालून आणि ओढणी कमरेला करकचून बांधून पाण्यात उतरली. गोपाल छातीएवढ्या पाण्यात उभा, तोंड अजिबात उघडायचं नाही या अटीवर. आणि खुशालराव काठावर, तोंड बगीच्याकडे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस संत्र्याच्या झाडांना पोहायला शिकवतो आहे! पहिल्या दिवशी दामिनीने मला अशी मिठी मारली की माझं एक ठिगळ सुटता सुटता राहिलं.

"पाण्याले मारू नको सूनबाई," खुशालराव नुसत्या आवाजावरून सांगायचे. "त्यानं काय बिघडवलं तुयं? हळूच लोट त्याले. अन् श्वास कोंडून ठेवला तू, सोड तो." ती ऐकायची. नाकातोंडात पाणी जायचं, ठसका लागायचा, रडूही यायचं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. खरं सांगते, माझ्यावर किती पोरं शिकली, पण अशी जिद्द मी पाहिली नव्हती.

चैत्र लागला. समोरच्या काळ्या खडकापर्यंत जायचं ठरलं. गोपाल आधीच खडकावर जाऊन बसला. आचल आजोबांजवळ उभी. दामिनी मला धरून निघाली, आणि मध्यावर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडला. तिने मला सोडलं, मित्रांनो! मी तिथेच गोल फिरत राहिले आणि ती पुढे गेली. ना शिंतोडे, ना धडपड.

काठावर खुशालराव कान देऊन बसले होते. आवाज थांबला, तसे ते ताठ झाले.

"सूनबाई?"

काही नाही.

"आचल, तुई माय कुठी हाये? आवाज काहून बंद झाला?"

आचल टाचा उंचावून आईकडेच पाहत होती, तिला आजोबांचं ऐकूच गेलं नाही. गोपाल अटीप्रमाणे गप्प. खुशालराव उठले, वळले आणि धोतरासकट सरळ पाण्यात शिरले. समोर काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. दोन्ही हात पुढे करून ते पाणी चाचपत होते आणि त्यांनी जिवाच्या आकांताने हाक मारली, "दामिनी!" इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"पोचली बाबा!" खडकावरून आवाज आला. "पोचली मी!"

ते कमरेएवढ्या पाण्यात तसेच उभे राहिले. "मंग आवाज तरी कराचा व," असं म्हणता म्हणता ते रडायला लागले. मग डोळे पुसून आचलला म्हणाले, "जा, पोरायले सांग, उद्यापासून पाणी सुरू. तुई माय बसन काठावर."

मित्रांनो, माझं आता वय झालं. तुमच्याकडे अशी एखादी म्हातारी ट्यूब असेल तर तिला भर उन्हात टम्म फुगवून टाकून जाऊ नका, काट्याकुट्यांतून ओढू नका. आणि काठावर पोहता येणारं मोठं माणूस असल्याशिवाय, कितीही मोह झाला तरी, पाण्यात उतरू नका. एवढं ऐका माझं.

मला वाटलं होतं, दामिनी शिकली, आता आपल्याला सुटी. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच मैनाबाई काठावर आल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, धुण्याच्या दगडावर चप्पल काढून ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "भर याच्यात हवा. सुनेले येते, तं सासूले काहून येनार नाही?"

मी आपली ठिगळं सावरली आणि तयार झाले.