दिल्लीला गेलेला फोटो

शंकरराव माझ्या शिरूरच्या स्टुडिओत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "गरीब पाहिजेत. फोटोत चांगले दिसतील असे."

मी इनुस. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो काढणं हा माझा धंदा. गरीब पुरवायची ऑर्डर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

साल दोन हजार दोन. दिल्लीत जगभरच्या सरकारांची हवामानावर मोठी बैठक भरणार होती. पृथ्वी तापतेय, कोळसा कमी जाळा, असा सगळीकडून ओरडा चालला होता. आपलं सरकारही कोळशावर वीज करणाऱ्या कंपन्यांना कडक नियम लावणार, अशी कुणकुण शंकररावाला होती. तो त्या कंपन्यांच्या संघटनेचा माणूस. नियम येण्याआधीच अडवायचे, हे त्याचं काम.

"आकडे दाखवून मंत्र्याच्या डोळ्यात पाणी येत नाही हो," त्यानं मला समजावलं. "अंधारात बसलेली म्हातारी दाखवायची. खाली लिहायचं, कोळसा बंद झाला तर हिच्या घरी दिवा कधी लागणार? की पुढं कुणाची बोलायची टाप नाही."

माणूस हुशार होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याच्या सुमोत बसून मी त्याला राहू गावाला नेलं, बानूमावशीकडे.

बानूमावशी आणि हरिबाआबा म्हणजे पूर्वीचं मेंढरं राखणारं घर. माझे वडील त्यांच्याकडून मेंढरं विकत घ्यायचे, तेव्हापासूनचा आमचा घरोबा. आता त्यांचा ऊस होता, विहिरीवर मोटर होती आणि घरात चांगले दोन बल्ब होते. शंकररावानं वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बल्ब काढता येतील ना?"

"लोडशेडिंगची वाट बघा," मी म्हटलं. "तुमच्याच कंपन्यांची मेहरबानी. दुपारी जातेच."

त्याला विनोद कळला नाही. स्टुलावर चढून त्यानं स्वतःच्या हातानं बल्ब काढले.

मावशीला या सगळ्यातलं एकच कळलं होतं. तिनं मला बाजूला ओढलं. "इनुस, फोटू खरंच दिल्लीला लागणार?"

"दिल्लीलाच."

"लई मोठा?"

"माणसाएवढा, असं म्हणतोय."

ती जी आत गेली ती ठेवणीतलं इरकल नेसून, रुपयाएवढं कुंकू लावून बाहेर आली. शंकरराव रडकुंडीला आला. पण मला तिला हसावंसं वाटेना, कारण दिल्लीत बिरू होता.

बिरू हा तिचा एकुलता एक. मेंढरांत वाढलेला, एकेका मेंढीला नावानं हाक मारणारा. दिवाळी झाली की बापलेक कळप घेऊन कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. चराऊ रानं संपत चालली तसं आबांनी उसाचं मनावर घेतलं. एकदा बिरू दौंडच्या बाजाराला गेला असताना त्यांनी सगळा कळप ट्रकात घालून विकून टाकला. पोरगा परत आला तर वाघर रिकामी. मेंढरं कोंडायची ती जाळी हातात धरून तो म्हणे नुसता उभा राहिला. मग बापाला म्हणाला, "आप्पा, तुम्ही जित्तं हाय तवर ह्या दारात पाय ठिवायचा न्हाई." दौंडला जाऊन रेल्वेत बसला तो गेलाच. मग एकदाच कधीतरी पाटसच्या फोनबूथवर त्याचा निरोप आला, दिल्लीत मांडववाल्याकडं आहे म्हणून. पत्ता नाही, काही नाही.

आबा त्याचं नाव काढत नसत. पण दौंडकडून येणारी एसटी थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम सोडून रस्त्याकडं बघत राहत. उतरलेली माणसं पांगेपर्यंत बघत.

"आजी, साधं लुगडं नेसा," शंकरराव विनवत होता. "आणि ते कुंकू जरा पुसता का? मंगळसूत्र पण. एकट्या बाईचा फोटो जास्त बोलतो."

बाहेर ओट्यावर आबा तंबाखू मळत बसले होते. मावशी त्यांच्याकडं बोट दाखवून कडाडली, "त्यो माझा मालक दिसत न्हाई व्हय तुला? डोळं फुटलं का? जित्त्या माणसाचं कुंकू पुसाया सांगतुयास!"

शंकरराव दारापर्यंत मागं सरकला. मी मनातून खूश झालो. शेवटी ती जुनेरं नेसायला तयार झाली, पण कुंकू आणि मंगळसूत्र राहिलं. दार लोटून आम्ही अंधार केला, हातात रॉकेलची चिमणी दिली. शंकरराव सारखा म्हणे, खाली बघा, तोंड पाडा. ती काही खाली बघेना. थेट कॅमेऱ्यात बघत राहिली.

"माझ्या पोरानं बघितलं, तर आय रडती हाय आसं नगं दिसाया," ती म्हणाली. "आय वळखून त्यानं नुसतं हासावं."

तिच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कुणाच्याच फोटोत पाहिलं नव्हतं. शंकररावाला न विचारताच मी बटण दाबलं.

दिल्लीची बैठक झाली. काही दिवसांनी पेपरात आतल्या पानावर बारीकशी बातमी आली, की कोळशाच्या नियमांचा विचार सध्या पुढं ढकलला आहे. म्हणजे शंकररावाचं काम झालं. त्यानं मावशीला एक प्रत पाठवायचं कबूल केलं होतं, ती अर्थात आली नाही. मग मीच घरच्या निगेटिव्हवरून मोठी प्रत काढली, फ्रेम केली आणि राहूला घेऊन गेलो.

आबा ओट्यावर, मावशी चुलीपाशी. मी फ्रेमचा कागद सोडतोय, तेवढ्यात रस्त्याकडून रडण्याचा आवाज आला. मयताच्या घरी येणारं जवळचं माणूस वेशीपासूनच हंबरडा फोडत येतं, तसला आवाज. गल्लीतल्या बाया दारात आल्या. कोण गेलं, कोण गेलं?

"आप्पा वं! माझं आप्पा वं!"

बिरू होता. डोक्याचा गोटा केलेला, पायात चप्पल नाही, झेलम एक्सप्रेसनं दौंडला उतरून तसाच आलेला. डोळ्यांवर पंचा धरून, रस्ता न बघता रडत येत होता.

मी आबांकडं पाहिलं. त्यांनी उठायला हवं होतं, ओरडायला हवं होतं की अरे, मी हाय. ते हलले नाहीत. तंबाखूची चिमूट बोटांत तशीच. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना आप्पा म्हणत होतं आणि ते कान देऊन ऐकत होते.

मावशीच धावली. पोराच्या गळ्यात पडली. त्यानं पंचा बाजूला केला, आईचं कपाळ पाहिलं, मग ओट्यावर पाहिलं. त्याचं रडणं तोंडातच राहिलं. त्यानं पिशवीतून घडी केलेलं पोस्टर काढून माझ्या हातात दिलं. बैठकीतले स्टॉल त्याच्याच मांडववाल्यानं उभारले होते, बैठक उठल्यावर ते पोस्टर बिरूनं स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवलं होतं.

फोटो माझाच होता. पण कुंकू नव्हतं. मंगळसूत्र नव्हतं. शंकररावाच्या माणसांनी कॉम्प्युटरवर दोन्ही पुसलं होतं आणि खाली हिंदीत छापलं होतं, 'विधवा. अकेली. अंधेरे में.' मी ते वाचून दाखवलं आणि मावशीनं शंकररावाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मीही तिला साथ दिली.

बिरू मात्र अंगणातच उभा होता, पायरीच्या अलीकडं. त्याची शपथ त्याला आठवत असणार. तिथूनच अवघडून म्हणाला, "मला वाटलं, माती उरकली आसंल... मालकाकडून तेराव्यापतूर सुट्टी मागून आलतो. आता जातो."

"बिरू," मावशी एवढंच म्हणाली.

आबांनी तंबाखू झटकली. पोराच्या गोट्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली.

"मी मेलूच म्हण की," ते म्हणाले. "पर तेराव्यापतूर ऱ्हा."