फुंशालला कोण जातंय?

सदानंदने स्वतःच्या मुलाला भेटायला पाऊण तास ठेवला होता. साडेअकरा ते सव्वाबारा. त्याच्या आधी केबल कार आणि नंतर भाजी मंडई.

माझा नवरा दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि घरी आला तरी त्याच्या अंगातला मॅनेजर उतरत नाही. दूध संपलं तरी तो रिस्क म्हणतो. आता लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही क्रूझला निघालो होतो. म्हणजे लोकांना सांगायचं कारण तेवढं होतं. खरं कारण शार्दूल.

आमचा थोरला एका मोठ्या क्रूझ जहाजाच्या बेकरीत काम करतो. गणपतीत मोदक खाऊन गेला तो मार्चमध्ये परत यायचा होता. मार्चमध्ये त्याने कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं. "प्रमोशनचा चान्स आहे, आई." मी काय बोलणार? प्रमोशन म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांची तोंडं बंद होतात. पण धाकट्या वैभवीने नेटवर शोधून काढलं की मे महिन्यात त्याचं जहाज अमेरिकेकडून युरोपला येताना एक दिवस मदेरा नावाच्या बेटावर थांबणार आहे. अटलांटिकमधलं, पोर्तुगालचं बेट. बंदराचं नाव फुंशाल. आणि लिस्बनहून सुटणारी दुसरी एक क्रूझ बरोबर त्याच दिवशी तिथे लागते.

"हीच घे," मी सदानंदला म्हटलं.

"मंजुषा, खाडीतल्या अब्र्यात, त्या एवढ्याशा होडीत बसलीस तरी तुला उलट्या होतात."

"होऊ देत. फुंशालला थांबतील."

तर शनिवारी सकाळी त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आम्हा दोघींना पोह्यांच्या बशा घेऊन समोर बसवलं. आठला बोट लागणार, साडेचारला सगळ्यांनी परत बोटीवर. मधल्या वेळाचे त्याने रंगीत चौकोन केले होते. केबल कारने डोंगरावर जायचं. तिथून वेताच्या टोपलीत बसायचं, आणि दोन माणसं ती टोपली उतारावरच्या रस्त्याने ढकलत खाली आणतात म्हणे.

"वर्ल्ड फेमस आहे. दोघांचे दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये फक्त."

"साडेतीन हजार देऊन टोपलीत बसायला मी काय मेथीची जुडी आहे?"

वैभवी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मग मला तो पिवळा चौकोन दिसला. शार्दूल, पाऊण तास.

"हा काय स्लॉट दिलास पोराला? डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का?"

"अगं, दोन्ही बाजूंना बफर धरलाय."

"आग लाव त्या बफरला."

"बाबा, धिस इज सो रोमँटिक. हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी," वैभवी म्हणाली.

मी उठले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आणि केबल कार, टोपली, भाजी मंडई, सगळं एकेक करून पुसलं. आठ ते साडेचार एकच पिवळा चौकोन करून टाकला. सदानंदने आणखी पोहे घेतले. भांडणात हा गप्प राहून पोहे घेतो तेव्हा तो हरलेला असतो.

त्या आनंदात मी तीन दिवस होते. बेसन भाजलं, साजूक तुपात लाडू वळले. शार्दूलच्या नावाने डबा भरला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला आणि आवाजावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"आई, त्या दिवशी माझी पोर्ट ड्यूटी लागलीय."

जहाज बंदरात असलं तरी सगळ्यांना उतरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आग लागली, पाणी शिरलं, तर सांभाळायला ठरावीक माणसं वर लागतातच. प्रत्येक बंदरात पाळी बदलते आणि फुंशालला नेमकी आमच्या पोराची पाळी. बाहेरच्यांना जहाजावर यायची परवानगी खूप आधी मागावी लागते, ती वेळ गेलेली.

"मग मी खाली धक्क्यावर उभी राहीन. तू वरून हात कर," मी म्हटलं. म्हणताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता हसतच होता. त्याच्या केबिनमधला अफनान त्याची पाळी स्वतःवर घेणार होता.

"कोण हा अफनान?"

"तोच गं, शारजावाला. मूळचा हर्णैकडचा. त्याचं काही मागणं नाही. एवढंच म्हणाला, आंटी येतच आहेत तर अम्मीकडून काही आलं तर आणतील का?"

आणणार नाही तर काय! इथे आखातात कुणी कुठे निघालं की पहिला प्रश्न 'कोण जातंय?' हाच असतो. जो जाईल त्याच्या बॅगेत निम्मी जागा दुसऱ्यांच्या डब्यांची. आम्ही पुण्याला जातो तेव्हा आमचे स्वतःचे कपडे हातात घेऊन जायची वेळ येते. मी लगेच नंबर घेऊन अफनानच्या आईला, खतीजाभाभींना, फोन लावला आणि रविवारी संध्याकाळी आम्ही शारजाला निघालो. वाटेत ट्रॅफिक इतका की सदानंदने तेवढ्यात सगळी क्रूझ पुन्हा प्लॅन केली.

शारजाच्या रोला भागात चौथ्या मजल्यावरचं घर. दार उघडताच तळलेल्या कांद्याचा वास आला. खतीजाभाभी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, बोलायला मोकळ्या. त्यांचे मिस्टर अहमदभाई हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत जहाजांना दोर आणि ताडपत्र्या पुरवतात. त्यांनी सदानंदला बसवलं आणि विचारलं, "भाऊ, फुंशालला बोट धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकते?" झालं. दोघांची गाडी सुटली.

"तुम्ही भाजीवाले, मला शार्दूलने सांगितलंय," खतीजाभाभी मला म्हणाल्या. "म्हणून तुमच्यासाठी आज वेगळं तेल, वेगळी कढई. कांदाभजी केलीत. घ्या, गरम आहेत, यल्ला."

मग त्यांनी एक बरणी आणली. तीन पिशव्यांत गुंडाळलेली, वरून चिकटपट्टी. "कोलंबीचं लोणचं आहे. तुम्हाला चालेल ना बॅगेत न्यायला? वास नाही यायचा. आला तर समुद्रात फेका, पण पोराला सांगू नका."

आमच्या सात पिढ्यांत कुणी कोलंबीला हात लावलेला नाही. मी सदानंदकडे पाहिलं. तर हा मॅनेजर फोन काढून नियम बघायला लागला.

"युरोपात मासे चालतात, त्यामुळे लोणचं नो प्रॉब्लेम," त्याने जाहीर केलं. मग घसा खाकरला. "पण दुधाचं काही चालत नाही. तूपसुद्धा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझे लाडू इथेच ठेवावे लागतील."

मी भज्याचा घास तसाच धरून बसले. माझे साजूक तुपातले लाडू देशाबाहेर आणि कोलंबी सन्मानाने आत! खतीजाभाभींनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. त्यांचं बघून मीही सुटले. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि अहमदभाई बापडे विचारत राहिले की झालं काय.

हसू ओसरलं तसं मी म्हटलं, "भाभी, अफनानचे उपकार कसे फेडू? पोराने स्वतःचा दिवस दिला माझ्यासाठी."

"मला विचारूनच दिला," त्या म्हणाल्या. "फोन केला, अम्मी, शार्दूलची आई येतेय, त्याची ड्यूटी घेऊ का? मी म्हटलं, विचारतोस काय, घे. उद्या मी कधी गेले तर कुणीतरी तुझी घेईल, इन्शाल्ला."

"तुम्ही नाही जात कधी?"

"आम्ही कुठले! ह्यांची सुट्टी, व्हिसा, माझी शुगर." त्यांनी बरणीवरची चिकटपट्टी उगाचच पुन्हा दाबली. "ईद फोनवरच झाली यंदा. फोनवर दिसतो ना रोज. पण फोनमध्ये चेहरा तेवढा दिसतो. बारीक झालाय का, नीट चालतो का, ते नाही कळत. लोणचं पोचवा, बस. आणि शार्दूलला विचारा, आमचा जेवतो का वेळेवर."

म्हणजे त्या दिवशी अफनान जहाजाच्या पोटात बसणार, आणि लोणचं त्याला रात्री शार्दूलच्या हातून मिळणार. मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असणार आणि त्याला बघणारसुद्धा नाही. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. मला त्या क्षणी सुचलं ते मला अजिबात सुचायला नको होतं. माझा तो एकच पिवळा चौकोन मी नवऱ्याशी भांडून मिळवला होता. त्यातला एक मिनिटही मला कुणाला द्यायचा नव्हता. पण ती बाई समोर बसून बरणीची चिकटपट्टी दाबत होती.

मी तिथूनच शार्दूलला फोन लावला. त्याच्याकडे दुपार होती.

"ऐक. ती ड्यूटी अर्धी-अर्धी होते का रे? सकाळी अफनानने करायची, दुपारी तू?"

"म्हणजे दुपारनंतर मी नाही भेटणार तुला."

"दुपारनंतर अफनान भेटेल मला."

"आई..." तो म्हणाला, "मला हेच विचारायचं होतं. पण तू एवढं तिकीट काढून येतेस, म्हणून तोंड उघडलं नाही. थांब, चीफला विचारतो."

माझं पोरगं इतकं शहाणं कधी झालं, मला कळलंच नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याचे गेलेले चार तास आत्ताच टोचायला लागले, दोन्ही एकदम.

खतीजाभाभी "नको, नको" करत उठल्या होत्या. "नाही हो मंजुषाताई, असं करू नका. तुमचा मुलगा आहे. एवढ्या लांब जाताय. अहो, तुम्ही सांगा ना ह्यांना!" हे सदानंदला. मला वाटलं आता हा बफर काढणार. तर त्याने लॅपटॉपची बॅग उघडली. हो, शारजाला चहाला जातानाही ती बरोबर असते. त्याने पिवळ्या चौकोनाचे मधोमध दोन भाग केले, दुसऱ्याला हिरवा रंग दिला आणि अहमदभाईंना विचारलं, "अफनानला दुपारी काय खायला आवडतं? तिथे धक्क्याजवळ मच्छी चांगली मिळते असं वाचलंय. मी बसेन त्याच्याबरोबर." माझ्या शाकाहारी नवऱ्यावर मी इतकी वर्षं उगाच चिडत आले असं वाटण्याइतपत मला तो आवडला. अर्थात ते त्याला सांगितलं नाही.

चहा झाला तेवढ्यात शार्दूलचा मेसेज आला. चीफ हो म्हणाला होता. अहमदभाईंनी तो मेसेज स्वतः चष्मा लावून वाचला आणि चष्मा पुसायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

खतीजाभाभींची मात्र एकदम धांदल उडाली. लोणचं आता पुरेसं नव्हतं. त्यांनी खजुराचा डबा काढला, मग एक नवा शर्ट, मग शर्ट परत ठेवला. "मापाचा होईल का आता, कोण जाणे. तुम्ही बघून सांगा मला. खांद्यात भरलाय का बघा. त्याला विचारलं तर तो खोटं सांगेल." मी सगळ्याला हो म्हणत होते.

निघताना त्या लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट आली, सदानंद पिशव्या घेऊन आत शिरला. मी शिरणार तेवढ्यात त्यांनी मला हाताला धरून थांबवलं.

"एक मिनिट, ताई. एक राहिलं."

मला वाटलं आणखी एक बरणी. पण त्यांचे हात रिकामे होते. त्यांनी माझा चेहरा दोन्ही तळव्यांत घेतला. तळव्यांना कांद्याचा वास होता. गालांवरून हात फिरवत कपाळापर्यंत नेले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "एवढं त्याला द्या. असंच द्या."

लिफ्टचं दार बंद झालं. सदानंद काहीतरी विचारत होता, मी मान हलवली. घरी पोचेपर्यंत मी चेहऱ्याला हात लावला नाही.